मुकादम, सांग तिला

आमच्या घरात चौदा महिने सगळ्यांचं सगळं ऐकून घेणारा एकच जीव होता, आणि त्याला आमची भाषा येत नव्हती.

"मुकादम, सांग तुझ्या ताईसाहेबांना, गीझर चालूच राहिलाय," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणत.

"मुकादम, साहेबांना सांग, आत्ताच लावलाय. पाणी काही दमदाटीने तापत नाही," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणे.

आमच्यात अंतर असे चार पावलांचं. त्या चार पावलांच्या मधोमध तो बसलेला असे: तांबूस रंगाचा, आखूड पायांचा, रुंद छातीचा, नऊ वर्षांचा. आपलं नाव ऐकून तो आधी एका बाजूला मान वळवी, मग दुसऱ्या. शेपूट एकदा फरशीवर आपटे. आणि आपल्यासाठी काहीच आलेलं नाही हे कळलं, की पंजांवर हनुवटी टेकून डोळे मिटून घेई. पत्ता त्याचा आणि आत मजकूर दुसऱ्याचा, अशी पाकिटं दिवसभर त्याच्या दारात पडत होती.

नाव आईने ठेवलेलं. पिल्लू होता तेव्हा कुणीही काम करायला घेतलं की हा समोर येऊन बसे आणि काम संपेपर्यंत जागचा हलत नसे. "आला बघा मुकादम," ती म्हणे, "आता अंगचोरपणा चालायचा नाही."

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी मी कामावरून आले तर तिचं कपाट सताड उघडं होतं आणि आत नुसते हँगर. मी दार उघडल्याच्या वाऱ्याने ते किंचित हलले. एकमेकांवर आपटून त्यांचा जो बारीक आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. बाबा खुर्चीत बसून चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होते.

"इतकी घाई झाली होती तुम्हाला?" मी म्हणाले. ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि ते परत घ्यावं असं मला वाटलं नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोरा दातांनी तोडला, पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुकादम, सांग हिला, या घरात मीपण राहतो."

त्या दिवसापासून असंच. याला अबोला म्हणवत नाही. अबोल्यात निदान शांतता असते. आमच्याकडे सकाळी सहापासून बोलणं चालू असे. निरोप, टोमणे, बिलाच्या तारखा, नळाची तोटी, उशीर होईल, वरण खारट झालंय. सगळं त्या एका जनावराच्या पाठीवरून इकडून तिकडे. पोटासाठीही मी बोलतच होते. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात माझी नोकरी. कानावर हेडफोन, ओठांशी माइक, समोर पडदा. आणि दिवसातून ऐंशी वेळा अनोळखी माणसांना सांगायचं, की मी आपली अडचण समजू शकते. घरी यावं, तर ज्याची अडचण खरोखर समजत होती तो माणूस कुत्र्याशी बोलत बसलेला.

मग त्या कुत्र्याला मधुमेह झाला.

आधी तो पाणी पिऊ लागला. पितो म्हणजे किती, तर भांडं भरून वळावं तोवर ते रिकामं. मग घरभर ओलं. मी कामावरून येऊन फडकं हातात घ्यायची, आणि बाबा म्हणायचे, "मुकादम, सांग हिला, त्या कोपऱ्यात राहिलंय." खाणं दुप्पट झालं आणि अंग मात्र झडत गेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारून आम्हा दोघांना समोर बसवलं.

"सकाळी सात, संध्याकाळी सात. मोजून खाणं, खाऊन झालं की इन्सुलिनची सुई, आठ युनिट. मधे जगबुडी झाली तरी मला फोन करू नका, पण वेळ चुकवू नका. आणि तिसरं काहीही त्याच्या तोंडात जाता कामा नये. साखर अशीच वरखाली होत राहिली तर आधी डोळे जातील, मग तो जाईल."

सकाळचं इंजेक्शन माझ्याकडे आलं, संध्याकाळचं बाबांकडे, कारण माझी कामाची पाळी रात्री आठला सुटते. फ्रिजच्या दारात औषधाची बाटली. ती हलवायची नाही, दोन तळहातांमध्ये हळू फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूच्या पायथ्याशी सुई. पहिल्या आठवड्यात माझे हात कापायचे, बाबांचे कधीच कापले नाहीत. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं होते. ठरल्या मिनिटाला ठरलेली चावी फिरवायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

मी एक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, पुढे खूण करायची. माझ्या खुणा होत गेल्या, त्यांची बाजू कोरी.

"मुकादम, ताईसाहेबांना सांग, मी काही हजेरीपटावरचं पोर नाही."

तेव्हा तक्ता बारगळला, आणि त्याच्या जागी आपोआप एक पद्धत रुळली. ज्याने सुई दिली, त्याने कुत्र्याला मोठ्याने सांगायचं, "झालं हो तुझं, आठ युनिट!" म्हणजे दुसऱ्याच्या कानावर जाई. मी ते स्वीकारलं. कोणता मार्ग उरला होता? साखर तरीही खाली येईना. मधल्या वेळेत बिस्किटाचे कण त्याच्या मिशांवर सापडत. "साहेबांना सांग," मी दात आवळून म्हणे, "तुझे डोळे जातील." आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर येई, "तिला सांग, एका बिस्किटाने कुणी आंधळं झालेलं मी पाहिलं नाही." डॉक्टरीणबाई रक्ताचे आकडे पाहून माझ्यावर चिडत. मी घरी येऊन कुत्र्यावर चिडे. तो कान पाडून कोपऱ्यात जाई, आणि मला माझीच किळस येई.

मग फाटकाची गोष्ट घडली. फाटक उघडं राहिलं होतं, पलीकडे कुणीतरी उष्टं टाकलं होतं, आणि भुकेने पिसाळलेला हा रस्त्यात गेला. मी हाका मारल्या, बाबांनी मारल्या. "मुकादम! मुकादम!" त्याचा कानसुद्धा हलला नाही. ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. चालकाने खिडकीतून डोकं काढून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मला तो अगदी योग्य वाटला.

म्हणून शिट्टीमास्तर आले. कुत्र्यांना शिकवणारा हा जाडजूड गृहस्थ, गळ्यात शिट्टी, कमरेला उकडलेल्या मांसाच्या तुकड्यांची पिशवी. एवढं मांस चालेल का, हे डॉक्टरीणबाईंना मी आधी विचारून घेतलं होतं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, कुत्र्याला हात लावला नाही. "मी अर्धा तास नुसता बसतो," म्हणाले. "तुम्ही रोजच्यासारखं वागा."

आम्ही रोजच्यासारखं वागलो. अर्ध्या तासाने मास्तरांनी गुडघ्यावर थाप मारली.

"तेवीस वेळा."

"काय तेवीस?" मी विचारलं.

"त्याचं नाव. तेवीस वेळा घेतलंत दोघांनी, आणि एकदाही त्याच्यासाठी नाही. ताई, तुमचा कुत्रा बहिराही नाही आणि बिनडोकही नाही. तो विटलाय. रोज दोनशे वेळा तुम्हाला कुणी हाक मारली आणि 'काही नाही, काही नाही' म्हणालं, तर ट्रक आला तरी तुम्ही वळाल का?"

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

"आता तीन आठवडे एकच नियम," मास्तर म्हणाले. "नाव घ्यायचं ते फक्त बोलावण्यासाठी. आला की तुकडा द्यायचा. बाकी त्याच्याशी चकार शब्द नाही. गप्पा नाहीत, लाड नाहीत, निरोप तर नाहीतच नाहीत. आणि रागावू नका काका, पण जे बोलायचं ते एकमेकांशी बोला की! तोंडं आहेत ना तुम्हाला?"

दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "कुत्रा पंधरा दिवसांत शिकेल. तुमचं काही सांगता येत नाही."

नियम आम्ही पाळला. नियम पाळण्यात आम्ही बापलेक सारखेच हट्टी. मुकादमाशी कुणी बोलेना, आणि एकमेकांशी तर आम्ही बोलतच नव्हतो. घरावर आता खरी शांतता पसरली, आणि ती गढूळ होती, तळ न दिसणाऱ्या पाण्यासारखी. भांडी ठेवल्याचे आवाज मोठे झाले. वरण खारट झालं तर बाबा ताट किंचित पुढे सरकवत. तोटी गळत असली तर मी तिच्याखाली बादली आपटून ठेवी. आणि मधूनच, दिवसातून चार-पाच वेळा, एखाद्या देवळातल्या घंटेसारखं स्वच्छ एकटं नाव, "मुकादम!" आणि तो उठून येई. पहिल्यांदा साशंक, मग चालत, मग धावत. नवव्या दिवशी तो फाटकापासून पळत आला आणि माझ्या हातातला तुकडा घेताना माझ्याकडे नीट बघितलं त्याने. मला हेवा वाटला. त्याला कुणीतरी त्याच्या नावाने बोलावत होतं.

त्या नऊ दिवसांत "झालं हो तुझं" हे वाक्यही बंद पडलं होतं. ते बंद पडल्याचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची, हे ठरलेलं होतं. ठरलेलं असतं तिथे बोलावं लागत नाही, अशी आमची समजूत.

अकराव्या दिवशी मला जाग आली नाही. आदल्या दिवशी घसा धरला होता, गोळी घेऊन झोपले होते. डोळे उघडले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. धडपडत स्वयंपाकघरात आले. मुकादम रिकाम्या भांड्यासमोर उभा, जिभेने नाक चाटत, नेहमीसारखा जन्माचा उपाशी. बाबा न्हाणीघरात, पाण्याचा आवाज येत होता. मी तराजूवर खाणं मोजलं, त्याने ते चार घासांत संपवलं. बाटली तळहातांत फिरवली, आठ युनिट ओढलं, तंबू, सुई. हात आता कापत नव्हते. उशीर झाल्याचा राग तेवढा होता. स्वतःवर, घशावर, आणि मला उठवण्यासाठी दारावर एक टिचकी मारता न येणाऱ्या माणसावर.

मी चपला घालत असताना बाबा न्हाणीघरातून बाहेर आले. खांद्यावर टॉवेल, गालावर साबणाची एक रेघ. आम्ही बोळातून एकमेकांना अंग चोरून ओलांडलं. त्यांचे ओठ हलले. मी ते पाहिलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मग त्यांनी खाली कुत्र्याकडे पाहिलं, मास्तरांचा नियम त्यांना आठवला असावा, आणि ओठ मिटले. मला वाटलं, टॉवेलाविषयी असेल. माझा ओला टॉवेल मी दारावर टाकला होता.

मी निघून गेले.

आमच्या कामाच्या जागी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. अकराच्या सुमारास माझ्या कानात एक बाई यंत्रातून फेस बाहेर येतोय म्हणून ओरडत होती. शेजारच्या खुर्चीत मैना होती. ती बोलते इतक्या वेगाने, की तिला सगळे मैनाच म्हणतात. तिचा आवाज एकाएकी अडखळला.

"काका, मॉडेल नंबर सांगा... मशीन नाही? मग काय?... कुत्रा? काका, आम्ही कुत्र्यांची दुरुस्ती नाही हो करत." मग माइकवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली. "अगं, कुणीतरी म्हातारे आहेत. रांगेत वीस मिनिटं थांबले म्हणतात. मुकादम पडलाय, तिला सांगा. कोण मुकादम? इमारतीवरून पडला का? आणि कुणाला सांगू?"

फेसवाल्या बाईला मी तशीच थांबवून ठेवली.

आणि तेव्हासुद्धा, हे लिहिताना लाज वाटते, मी मैनालाच म्हणाले, "विचार त्यांना, पडलाय म्हणजे काय?"

"काका, त्या विचारतायत, म्हणजे काय?... पाय लटपटतात, मान हलवतो, हाकेला बघत नाही, तोंडातून लाळ, असं म्हणतायत."

"विचार, आज त्यांनी त्याला काही खायला दिलं का."

"काका, काही खायला दिलंत का?... हो म्हणतात. रोजचंच दिलं म्हणतात. आणि म्हणतायत, तिला सांगा, तिची खोली बंद होती, म्हणून सात दहाला मी सुई दिली."

सात दहाला. मी सात पंचविसाला. आठ आणि आठ.

मैनाच्या डोक्यावरचा हेडफोन मी ओढून घेतला. तिचे केस त्यात अडकले, ती किंचाळली. तारेने तिचा पाण्याचा पेला उलटला.

"बाबा."

पलीकडे श्वास ऐकू आला. चौदा महिन्यांनी त्या श्वासाला मी थेट कानाशी धरलं होतं.

"बाबा, मीपण दिलंय. सोळा गेलंय त्याच्या अंगात. ऐका, साखर घ्या, थोड्या पाण्यात दाट कालवा, बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. नुसतं चोळा."

"डबा कुठाय?"

"वरच्या फळीवर, उजवीकडे. तुम्हीच लपवून ठेवलाय, बिस्किटांच्या मागे."

"थांब." भांडं पडल्याचा आवाज, फळीचा आवाज, आणि मग दुरून, "चोळतोय. दात आवळलेत त्याने."

"ओठ वर करा आणि बाहेरून चोळा. टॅक्सी बोलवा. दवाखान्यात या, मी तिकडे येते. चोळणं थांबवू नका, रस्त्यातही."

"तू लवकर ये," बाबा म्हणाले.

आमच्या विभागप्रमुखांनी मला दाराशी अडवलं. कॉल अर्धवट सोडता येत नाही, हे संभाषण नोंदलं गेलंय, हे मला ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं. "हो, जपून ठेवा," मी म्हणाले. "आमच्याकडे दुसरं कुठलंच नाही."

दवाखान्यात पोचले तेव्हा मुकादम टेबलावर आडवा होता, पुढच्या पायाला नळी, वर टांगलेली बाटली. डोळे उघडे, पण त्यांच्यात कुणी नव्हतं. मागचे पाय मधूनच पोहल्यासारखे हलत. बाबांच्या सदऱ्यावर साखरपाण्याचे आणि लाळेचे डाग वाळून कडक झाले होते. चोवीस किलोचा तो देह त्यांनी चादरीत घालून जिन्यावरून एकट्याने उतरवला होता. त्यांचे हात आता कापत होते.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचा वेग बदलला आणि मागे वळल्या.

"किती दिलं? कधी? कुणी?"

"डॉक्टर," बाबांनी घसा खाकरला, "हिला सांगा, की माझी समजूत अशी झाली..."

"मी कुणाला काही सांगणार नाही," बाई कडाडल्या. "बाहेर दोन मांजरं आणि एक पोपट माझी वाट बघतायत. ती तुमच्या शेजारी उभी आहे काका. तिलाच सांगा. आणि कुत्रा जगला तर घरी कोण सुई देणार, एकच माणूस, ते ठरवा. ठरलं नाही तर मी त्याला सोडणार नाही. दोघांनी मिळून मारण्यापेक्षा इथे पिंजऱ्यात बरा आहे तो."

आम्हाला बाकावर बसवण्यात आलं. समोर एक म्हातारी मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. भिंतीवर जंतांचं चित्र होतं. बराच वेळ मी त्या जंतांकडे पाहत राहिले.

"उठवायचं होतंत मला," मी म्हणाले.

"ताप असेल असं वाटलं. खोकत होतीस." मग म्हणाले, "तू भांडं बघायला हवं होतंस. खाल्लेलं भांडं ओलं असतं."

"तो चाटून कोरडं करतो. तुम्हाला सांगता आलं असतं. बोळात समोर होतात तुम्ही माझ्या."

"नियम होता."

"नियम कुत्र्याशी न बोलण्याचा होता!"

मांजरवाल्या म्हातारीने टोपली जवळ ओढली. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता.

"माझ्याशी बोलायला कुणी बंदी केली होती? चौदा महिने! मी काय कपाट आहे, आतलं सगळं काढून टाकलं आणि झालं?"

मला वाटलं, झालं, आता भिंतीशी बोलतील, नाहीतर त्या जंतांशी.

"वास यायचा," ते म्हणाले.

"कसला?"

"कपड्यांना. तिचा." त्यांनी सदऱ्यावरचा वाळलेला डाग नखाने खरवडला. "कपाट बंद केलं तरी यायचा. रात्रीतून चारदा उठायचो. एक दिवस सगळे भरले आणि देऊन आलो."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणालेच असते."

"म्हणून नाही विचारलं."

राग तसाच होता, थोडाही उतरला नव्हता. पण आता त्याला धरायला एक कडा सापडली होती, आणि इतके दिवस मी तो तापल्या भांड्यासारखा बुडाशी धरून हात भाजून घेत होते.

"एक तरी ठेवायचा होता," मी म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. "ते चुकलं."

दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. मुकादमाने डोकं उचललं होतं. नजर ओळखीची होती, पण मागचा उजवा पाय लुळा वाटत होता. तो पाय परत येईल किंवा येणार नाही, आत्ताच सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. रात्रभर त्याला तिथेच ठेवायचं होतं. "ठरलं का?"

"दोन्ही वेळा मी देईन," बाबा म्हणाले. "घरी मीच असतो."

"आणि बिस्किटं?" मी विचारलं.

"ती तू ने ऑफिसात. त्या रांगेत ठेवणाऱ्या बाईला दे." ते डॉक्टरीणबाईंकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "सुई देताना तू असशील तर समोर उभी राहा. मी म्हणेन, तू परत म्हण. किती, ते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मुकादम टॅक्सीतून घरी आला, तिरका चालत, तीन पाय आपले आणि चौथा उसना घेतल्यासारखा. संध्याकाळी सातला त्याने मोजलेलं खाणं संपवलं. बाबांनी फ्रिजमधून बाटली काढली.

"हलवू नका, फिरवा."

"सहा महिने फिरवतोय मी."

"मग हा फेस कसला?"

"कुठाय फेस? चष्मा लाव." त्यांनी सुई उजेडात धरली. डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली होती. "सहा."

"सहा."

त्यांनी तंबू उचलला, सुई दिली. "दिलं," म्हणाले, मला.

"भांडं भिजत घाला."

"तू घाल. तुझा हात ओला आहे."

"माझा हात कायम ओलाच असतो, कारण या घरात भांडी मीच घासते!"

"आणि पुसून ठेवतो कोण? कधी बघितलंयस?"

मुकादमाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तो पाय ओढत, सावकाश, दुसऱ्या खोलीत निघून गेला, आणि पलंगाखाली अंग टाकल्याचा आवाज आला. आम्ही भांडत राहिलो. भांड्यांवरून, टॉवेलावरून, मग पुन्हा कपाटावरून. तेव्हा बाबा म्हणाले की आज ते दमलेत, उद्या भांडू. ते सुईचा डबा आवरून निघाले, आणि मी ओट्याशी पाठमोरी उभी असताना जाता जाता त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

"अहो बाबा! मी आहे आत!"

दिवा पुन्हा लागला. ते दारात उभे होते, बटणावर बोट.

"मग बोलायचं ना," ते म्हणाले.